अठ्ठावीस तारखेच्या आत

"मनाचं इथे काही नाही, नखांचं आहे," काउंटरमागची मुलगी म्हणाली. "महिन्याला चार-पाच जण येतात तुमच्यासारखे. कागद घेऊन."

मार्लीन हुडाकने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग दारावरच्या आकड्याकडे. अकराशे चाळीस, फेंटन रस्ता. आकडा बरोबर होता. आत नखांच्या रंगाचा उग्र वास होता आणि दोन बायका पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या.

"मागच्या आठवड्यात एक बाई आली आणि त्या खुर्चीत बसून रडायलाच लागली," मुलगी म्हणाली. "मी तिची नखं फुकट करून दिली. दुसरं काय देणार?"

मार्लीनने खिशातली पेन्सिल काढून यादीतल्या नावावर काट मारली. खरं तर ती घरूनच काट मारून निघू शकली असती. एकोणतीस वर्षं ती कॅल्डर गावात टपाल वाटत होती आणि त्यातली सहा वर्षं फेंटन रस्ता तिच्याच बटवड्यात होता. इथला डॉक्टर गाव सोडून गेला त्यालाही सहा वर्षं झाली होती. त्याच्या नावाची पत्रं तिनेच कितीदा परत पाठवली होती. तरी ती आली. दारापर्यंत जाऊन पाहिल्याशिवाय पत्त्याला खोटं म्हणायचं नाही, ही कामातली सवय सुट्टीच्या दिवशीही सुटत नव्हती.

यादी एकोणीस नावांची होती. सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड चालणारे मानसोपचाराचे दवाखाने, कॅल्डर आणि परिसर, असं वर ठळक छापलेलं. राज्याच्या वतीने हा विमा चालवणाऱ्या कंपनीची ती यादी. मार्लीनचा भाऊ एमिल ज्या दवाखान्यात जायचा तो एप्रिलच्या शेवटी बंद झाला. त्या दिवशी तिथल्या नर्सने, ओडेलबाईंनी, येईल त्याच्या हातात यादीची एकेक प्रत ठेवली आणि टेबल आवरलं. ओडेलबाईंनी अकरा वर्षं, दर चार आठवड्यांनी, एमिलच्या दंडात इंजेक्शन दिलं होतं. शेवटचं तीस एप्रिलला.

"पुढचं अठ्ठावीस मेच्या आत," त्या मार्लीनला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या. "अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. जून उजाडू देऊ नका."

हे मार्लीनला सांगायची गरज नव्हती. एमिल तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा, बावन्नचा. अकरा वर्षांपूर्वी तो इंजेक्शनवर नव्हता, गोळ्यांवर होता, आणि गोळ्या वेळच्या वेळी घेत असतानाच एका शरद ऋतूत त्याची खात्री पटली की घरात वावरणारी बाई आपली आई नाही, आईचा चेहरा लावलेली दुसरी कुणीतरी आहे. त्याने तिला तळघरात कोंडलं. दीड दिवस. मार्लीन पोचली तेव्हा आईचं मनगट मोडलेलं होतं आणि वर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, की त्याने कालपासून काही खाल्लेलं नाही, आधी त्याला सूप द्या. आई त्यानंतर सात वर्षं जगली. मनगट वाकडंच राहिलं. एमिलला त्यातलं सगळं आठवतं. एखादी गोष्ट तरी विसरायला मिळावी, तेवढीही सवलत त्या आजाराने त्याला दिलेली नव्हती.

इंजेक्शन सुरू झालं आणि तो परत माणसांत आला. नऊ वर्षं तो टेकडीवरच्या दफनभूमीत गवत कापत होता. एक दिवस खाडा नाही.

*

मार्लीनने यादी बटवड्याच्या क्रमाने लावून घेतली, म्हणजे एका फेरीत जवळजवळची दारं होतील. काम संपलं की ती गणवेशातच निघायची.

लोकस्ट रस्त्यावरचा डॉक्टर वारला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या बायकोला आलेली सांत्वनाची पत्रं रबर लावून गठ्ठ्यांनी मार्लीननेच पोचवली होती. यादीत मात्र तो नवे रुग्ण घेत होता. सहा नावं एकाच पत्त्यावर होती, आणि त्या पत्त्यावर एकच दार होतं, कुलूप लावलेलं. एक फोन उचलला गेला तो कानात किंचाळला. ते फॅक्सचं यंत्र होतं. एक दवाखाना फक्त बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. एक तुरुंगाच्या आवारात. तिथे इलाज मिळायचा, पण त्यासाठी आधी काहीतरी गुन्हा करून आत जावं लागलं असतं. दोन ठिकाणी कार्डाचं नाव काढताच पलीकडचा आवाज बदलला. पूर्वी घेत होतो, आता नाही घेत. कार्डाला जणू वास येत असावा अशा सुरात.

रिज मार्गावरचा दवाखाना मात्र जिवंत होता. फोन जिवंत बाईने उचलला. तिने एमिलचं वय, आजार, औषध सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि पहिली भेट सतरा आठवड्यांनी मिळेल असं सांगितलं.

"त्याला अठ्ठावीसच्या आत इंजेक्शन लागतं," मार्लीन म्हणाली.

"तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटतं का?"

"आत्ता नाही."

"मग सतरा आठवडे."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर मी आत्ता रुग्णवाहिका पाठवते. तीन दिवस ठेवून घेतील, गोळ्या देऊन सोडतील. मग तुम्ही आम्हाला फोन करा, आम्ही यादीत नाव घालू."

"सतरा आठवड्यांच्या?"

"हो."

"म्हणजे आधी काहीतरी घडू द्यायचं, मग रांगेत उभं राहायचं."

"मी तसं म्हटलं नाही, मॅडम."

"नाही," मार्लीन म्हणाली. "तुम्ही तसं म्हटलं नाहीत."

तिने फोन ठेवला. रागाची तिला सवय होती. कुत्री, बर्फ, वरिष्ठ, एकोणतीस वर्षांत राग येतो आणि जातो. हा राग नव्हता. डब्यातलं दूध नासलंय हे घोट घेतल्यावर कळावं, तसं ते होतं.

टपाल कचेरीच्या मागच्या अंगणातून नदी दिसते, आणि नदीपलीकडे एक नवा काचेचा दवाखाना दिसतो. तिथे हेच इंजेक्शन देतात. तिथे सरकारी कार्डही चालतं. पण नदी ही दोन राज्यांची हद्द आहे. मार्लीन पूल ओलांडून तिथेही गेली. काउंटरवरची म्हातारी बाई मायेने बोलली. "तुमचं कार्ड पुलाच्या त्या टोकाला संपतं हो," ती म्हणाली, आणि मार्लीनला पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळी एमिल स्वयंपाकघरात कोबी आणि शेवया लोण्यात परतत होता, आई करायची तशा. जानेवारीत बर्च रस्त्यावरची त्याची भाड्याची खोली गेली, मालकाने इमारतच विकली. तेव्हापासून तो बहिणीकडे राहत होता. त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "किती उरली?"

"दोन."

"आज कोण कोण भेटलं?"

तिने सांगितलं. मेलेला डॉक्टर, कुलूपबंद दारामागचे सहाजण, फॅक्स. एमिलने शेवया ताटात वाढल्या.

"ही यादी छापणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं," तो म्हणाला. "त्याला नसलेली माणसं दिसतायत."

मार्लीन हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की तो एकेका दिवसाचा हिशोब तिच्याहून जास्त नेमका ठेवतो आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाठ करून बसण्यासाठी त्याने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली होती.

*

एकोणिसावं नाव वेक्सलीचं होतं, एक्केचाळीस मैलांवरचं. मार्लीनने जेवणाच्या सुट्टीत, टपालगाडीच्या पायरीवर बसून फोन लावला. बाईने नाव सांगितलं, रेनाटा. मार्लीनने आता पाठ झालेली वाक्यं म्हणून दाखवली: भाऊ, आजार, औषध, तारीख, कार्ड.

"घेतो आम्ही," रेनाटा म्हणाली.

"काय घेता?"

"कार्ड. चालतं आमच्याकडे. सव्वीसला साडेदहाला या, डॉक्टर बघतील आणि त्याच दिवशी इंजेक्शन देऊ. औषध आहे कपाटात."

मार्लीनने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग ती थोडा वेळ पायरीवरच बसून राहिली. समोरच्या घराच्या पेटीत टाकायचं वीजबिल तिच्या मांडीवर तसंच होतं.

सव्वीस तारखेला, मंगळवारी, एमिलने टाय बांधला. कशाला, असं तिने विचारलं नाही. वेक्सलीचा दवाखाना एका जुन्या चपलांच्या दुकानात होता. भिंतीवरच्या फळ्या तशाच होत्या आणि त्यांवर आता माहितीपत्रकं लावलेली होती. रेनाटा चाळिशीतली, केस वर बांधलेली, बोलता बोलता दोन बोटांनी टंकणारी बाई होती. तिने कार्डावरचा आकडा घातला. परत घातला. मग कार्ड उजेडात धरून आकडा एकेक करून वाचला.

"हे चालू नाही," ती हळू म्हणाली. "तीस एप्रिलला बंद झालंय."

"शक्य नाही," मार्लीन म्हणाली.

"वर्षातून एकदा अर्ज पाठवतात ना ते, भरून द्यायचा. तो पोचला नाही असं दाखवतंय."

एमिल खुर्चीतून उठला, टाय सारखा केला आणि जणू आपली पाळी झाली असावी तसा दाराशी जाऊन उभा राहिला. रेनाटा काउंटर सोडून बाहेर आली. कार्डाशिवाय कपाटातलं औषध काढायची तिला परवानगी नव्हती, हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचं तोंड कसंनुसं झालं. मग म्हणाली, आजच जिल्ह्याच्या कचेरीत जा, कार्ड चालू झालं की फोन करा, मी जेवणाच्या सुट्टीत घेईन तुम्हाला, औषध बाजूला ठेवते.

गाडी चालवताना मार्लीनला वाटेतलं काही दिसलं नाही. अर्ज पोचला नाही. कुठला अर्ज, ते तिला माहीत होतं.

*

जिल्ह्याच्या कचेरीत तिला त्र्याण्णव नंबरची चिठ्ठी मिळाली. एमिल गाडीतच थांबला. दोन तासांनी ज्या कारकुनापुढे ती बसली तो तिशीतला, नीटस, घशासाठी गोळ्या चघळणारा होता. एमिलचं नाव घातल्यावर त्याने संगणकाचा पडदाच तिच्याकडे वळवला.

"पाकीट परत आलं होतं," तो म्हणाला.

पडद्यावर पाकिटाचा फोटो होता. एमिल हुडाक, बर्च रस्ता. वरच्या कोपऱ्यात छापलेलं: पुढे पाठवू नये, परत करावे. आणि त्याखाली, सरळ, एकही कड न दुमडता लावलेली पिवळी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर मार्लीनच्या घराचा पत्ता होता.

फेब्रुवारीतली सकाळ होती ती. सातच्या सुमाराला ती कप्प्यांत टपाल लावत होती आणि बर्च रस्त्याच्या गठ्ठ्यातून हे पाकीट तिच्या हातात आलं. भावाचं नाव तिने लगेच ओळखलं. पत्ता बदलल्याचा अर्ज तिने जानेवारीतच भरला होता, त्याची बाकी सगळी पत्रं तिच्या घरी येत होती. पण या पाकिटावर पुढे पाठवू नये असं छापलं होतं. शेजारच्या कप्प्यांपाशी डॅरिल प्रूइट होता, तिच्याबरोबर वीस वर्षं काम केलेला.

"अगं, घरी घेऊन जा की," डॅरिल म्हणाला होता. "तुझाच भाऊ ना?"

"त्यावर लिहिलंय, पाठवू नये."

"ते मशीनसाठी लिहिलेलं असतं."

"ते माझ्यासाठी लिहिलेलं असतं," मार्लीन म्हणाली होती.

दुसऱ्याचं टपाल घरी नेलं म्हणून नोकरीवरून गेलेली माणसं तिने पाहिली होती. पण भीतीमुळे तिने ते केलं नाही असं म्हणणं खोटं ठरलं असतं. तिला तो नियम पटत होता. असं पाकीट पुढे जात नाही, ते परत जातं. पण जाताना त्यावर नव्या पत्त्याची पिवळी चिठ्ठी लागते, ती पाठवणाऱ्याला माणूस कुठे गेला ते कळावं म्हणून. पाठवणारा चिठ्ठी वाचतो, वहीत पत्ता बदलतो, दुसरं पाकीट पाठवतो. यात मूर्खपणाचं काही नव्हतं. तिने चिठ्ठी लावली, अंगठ्याने दाबली आणि पाकीट परतीच्या पेटीत टाकलं. संध्याकाळी एमिलला सांगितलं, विम्याचं पाकीट येईल, आलं की भरू. एमिलने मार्चमध्ये दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, येईल, चिठ्ठी लावलीय.

"पत्ता वाचता येतोय," तिने कारकुनाला सांगितलं.

"हो, स्पष्ट आहे."

"मग?"

"परत आलेलं टपाल वेगळीकडे जातं, मॅडम. तिथे त्याचा फोटो निघतो आणि नोंद पडते, पत्ता अज्ञात. नोंद पडली की कार्ड आपोआप बंद. बंद केल्याचं पत्रही त्याच जुन्या पत्त्यावर जातं. तेही परत आलंय, हे बघा."

दुसरा फोटो, वर तेच छापलेलं, पुढे पाठवू नये. दुसरी पिवळी चिठ्ठी. ही तिने लावलेली नव्हती, त्या दिवशी तिची सुट्टी असणार. डॅरिलने लावली होती, थोडी तिरकी.

"ही चिठ्ठी कुणी वाचत नाही?"

"वाचायला माणूस नाही. पूर्वी होती म्हणे एक बाई."

"पूर्वी म्हणजे?"

"माझ्या आधी," कारकून म्हणाला, आणि नवी गोळी तोंडात टाकली.

मार्लीन उठून स्वच्छतागृहात गेली आणि तिने हात धुतले. मग पुन्हा साबण घेऊन परत धुतले. एकोणतीस वर्षं. हार्लन रस्त्यावरची पाय कापलेली बाई, जी मुलीकडे राहायला गेली. पंपामागच्या वस्तीतली कुटुंबं, जी वर्षातून दोनदा घरं बदलायची. वृद्धाश्रमात हलवलेले, नातवाकडे नेलेले, भाड्यापायी निघालेले. त्यांची ही अशीच लांबट पाकिटं तिच्या हातांतून गेली होती आणि प्रत्येकावर तिने चिठ्ठी सरळ लावली होती. तिरकी चिठ्ठी लावणाऱ्या नव्या पोरांना ती बोलायची. कुणीतरी ते वाचणार आहे, असं ती त्यांना सांगायची.

आरशात तिने स्वतःकडे पाहिलं नाही.

परत येऊन तिने नवा अर्ज जागच्या जागी भरला. कारकुनाने शिक्का मारला आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत निकाल लागेल असं सांगितलं.

"मला अठ्ठावीसच्या आत हवंय. परवा."

"तातडीचा अर्ज वेगळा असतो. तो देतो मी तुम्हाला." त्याने तो दिलाही, पेनसुद्धा दिलं. "याचं उत्तर टपालाने येईल."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

गाडीत एमिलने टाय सोडून गुडघ्यावर गुंडाळून ठेवला होता. मार्लीनने इंजिन सुरू न करताच सगळं सांगितलं. पाकीट, चिठ्ठी, पेटी. काही गाळलं नाही.

"तुझ्या हातात होतं," एमिल म्हणाला.

"हो."

त्याने गुडघ्यावरचा टाय उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "मार्ली, तुझ्याशिवाय त्या चिठ्ठ्या कोण वाचतं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला सोपं गेलं असतं.

*

बुधवारी तिने सुट्टी टाकली आणि दुपारपर्यंत फोन धरून बसली. औषधाच्या दुकानात इंजेक्शनची रोखीची किंमत विचारली. दुकानदाराने आकडा कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवला आणि तिने तो कागद तसाच काउंटरवर ठेवला. तालुक्याच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात गेली. हे औषध आम्ही ठेवत नाही, हव्या तर गोळ्या देतो, असं उत्तर मिळालं, आणि गोळ्यांचं नाव तिला वाचावंही लागलं नाही. अकरा वर्षांपूर्वीच्याच त्या. गुरुवारी दुपारी रेनाटाचा फोन आला, तिने स्वतःहून केलेला. औषध अजून बाजूला होतं. कार्ड अजून बंद होतं. रेनाटा म्हणाली, मी शनिवारपर्यंत आणखी ठेवते, आणि पुढे काही न सुचून हवेबद्दल बोलली.

एमिल सकाळी नेहमीप्रमाणे कामावर गेला होता. जाताना त्याने मार्लीनला सांगितलं होतं की चारला तिकडे ये, मला तू तिथे हवी आहेस.

ती पोचली तेव्हा दफनभूमीत कुणी नव्हतं. सोमवारी सैनिकांच्या स्मरणाचा दिवस होऊन गेला होता, आणि थडग्यांपुढचे बोटभर काठीचे झेंडे एमिल आणि मुकादम फुस्को काढून घेत होते. फुस्को सत्तरीला आलेला, पोट सुटलेला, गुडघ्यांनी त्रासलेला माणूस. नऊ वर्षांपूर्वी एमिलला कामावर ठेवताना त्याने एकच प्रश्न विचारला होता, की तुला उतारावर यंत्र चालवता येतं का.

एमिलने शेवटचा झेंडा पेटीत ठेवला आणि कमरेच्या किल्ल्या काढल्या.

"ही लहान शेडची," तो म्हणाला. "ही मोठ्या यंत्राची. धुवून ठेवलंय. पाती कालच घासलीत."

"सुट्टी हवी का?" फुस्कोने विचारलं. "घे ना. आठवडा घे."

"सुट्टी नाही. माझं औषध चुकलं. आज मी ठीक आहे म्हणून देतोय. नंतर मला द्यावंसं वाटणार नाही."

फुस्कोने मार्लीनकडे पाहिलं. ती गवताकडे बघत होती.

"पंधरा-वीस दिवसांनी मी मागायला येईन," एमिल म्हणाला. "देऊ नका. मी गोड बोलेन, हसवीन तुम्हाला, मार्लीननेच पाठवलंय म्हणेन. तरी देऊ नका."

"आणि खरंच बरा होऊन आलास, तर? मला कसं कळायचं?"

एमिलने विचार केला. त्याला उत्तर बरोबर द्यायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तेव्हा मी मागणार नाही," तो म्हणाला. "तेव्हा तुम्हीच द्याल."

फुस्कोने किल्ल्या घेतल्या. मग एमिलने त्याला कामाचं सांगितलं. शनिवारचं दफन आहे तिथे खालची बाजू अजून भुसभुशीत आहे, मोठं यंत्र नेऊ नका, चाक रुतेल. कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या थडग्यांभोवती हाताने कापायचं, दगड खाली आहेत, पात्याला लागतात. फुस्को दर वाक्याला मान हलवत होता. हे सगळं त्याला नऊ वर्षं माहीत होतं, आणि त्याने एकदाही तसं म्हटलं नाही.

बोलणं संपलं. नळावर जाऊन एमिलने हात धुतले, पँटला पुसले. मार्लीनने गाडीचं दार उघडलं, पण तो आला नाही. तो शेडच्या भिंतीपाशी, वेळेची नोंद जिथे करतात तिथे, जाऊन उभा राहिला. घड्याळात पाचला दहा कमी होते.

"जा रे आता," फुस्को म्हणाला. "मी लिहितो पाच."

एमिलने मान हलवली आणि तिथेच उभा राहिला, हात बाजूला सोडून, टेकडीकडे तोंड करून. मार्लीनने त्याला हाक मारली नाही. पाच वाजेपर्यंत तो कामावर होता.